स्टिरिओ गिटारसाठी रॅकमधले इफेक्ट कसे जोडावेत

एका गिटारचा आवाज दोन कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या दोन पेट्यांमधून, आला म्हणजे स्टिरिओ झालं, असं नाही. दोन्हींकडून तोच आवाज येत असेल तर तो मोनोच, म्हणजे एकच. डाव्या-उजव्या आवाजात फरक पाडतो तो इफेक्ट, आणि जिथे तो पडतो तिथून स्पीकरपर्यंत दोन्ही वाटा वेगळ्या राहायला हव्यात. बहुतेक जोडण्या इथेच फसतात.

उदाहरणाला रॅकमध्ये, म्हणजे यंत्रं एकावर एक बसवायच्या चौकटीत, प्रीअँप (गिटारचा आवाज घडवणारा), स्टिरिओ डिले (आवाजाचे प्रतिध्वनी देणारा), यामाहाचा एसपीएक्स ९० (रिव्हर्ब, पिच असे अनेक इफेक्ट देणारं डिजिटल यंत्र), दोन चॅनेलचा पॉवर अँप (स्पीकर चालवणारा) आणि त्यापुढे दोन कॅबिनेट असा संच घेऊ.

पायरी १: वीज
अमेरिकेतून आलेली जुनी यंत्रं बहुधा १२० व्होल्टची असतात. मागची पाटी वाचल्याशिवाय ती आपल्या २३० व्होल्टला लावू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

पायरी २: आधी कोरा (इफेक्ट नसलेला) आवाज
गिटार, प्रीअँप, पॉवर अँप आणि स्पीकर एवढंच जोडा. हा आवाज मनासारखा होईपर्यंत इफेक्टला हात लावू नका. कच्चा आवाज रिव्हर्बने (खोलीतल्यासारख्या घुमण्याने) झाकला जातो, सुधारत नाही. कॅबिनेटसाठी स्पीकर केबलच घ्या, गिटारची नको. पॉवर अँप व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँप आणि कॅबिनेटवर लिहिलेला ओहमचा आकडाही जुळवा.

पायरी ३: वाट कुठे फुटते ते ठरवा
सरळ विचार असा, की प्रीअँपमधून डिले, डिलेच्या दोन्ही आउटपुटमधून एसपीएक्स ९०, तिथून पॉवर अँप. पण एसपीएक्स ९०ला इनपुट एकच आहे, आउटपुट दोन. लेक्सिकॉनचा पीसीएम ७० हे डिजिटल इफेक्टचं यंत्रही तसंच. म्हणजे डिलेने उघडलेला स्टिरिओ त्याच्या दाराशी येऊन पुन्हा एक होतो किंवा एक बाजू बाहेरच राहते. म्हणून एकापुढे एक जोडायचंच असेल तर एक इनपुटवालं यंत्र आधी आणि दोन इनपुटवालं नंतर. नंतरच्या यंत्राला दोन इनपुट असूनही ते आत दोन्ही आवाज मिसळून टाकत नाही ना, हे मात्र माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

पायरी ४: शक्य असेल तर लाइन मिक्सर
लाइन मिक्सर म्हणजे अनेक यंत्रांचे आवाज एकत्र करून डाव्या-उजव्या आउटपुटला देणारं यंत्र; तिथून दोन्ही आउटपुट पॉवर अँपला जातात. मला स्वतःला हीच पद्धत पटते. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ यांनी स्टुडिओतल्या गिटारवादकांसाठी मोठमोठे रॅक बांधले, त्यांतही लाइन मिक्सरला महत्त्वाची जागा होती. प्रीअँपचा कोरा आवाज मिक्सरच्या मध्यभागी ठेवा. त्याचाच एकेक फाटा डिलेला आणि एसपीएक्स ९०ला द्या. दोघांचे परतीचे आवाज पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. कोरा आवाज डिजिटल यंत्रातून जातच नाही, त्यामुळे तारेवरचा आघात शाबूत राहतो.

एक अट आहे: इफेक्टचा मिक्स १०० टक्के ठेवायचा, म्हणजे फक्त इफेक्टचाच आवाज बाहेर यावा. नाहीतर यंत्रातून किंचित उशिरा आलेला कोरा आवाज मूळ आवाजाला काही ठिकाणी खोडतो आणि सगळं पोकळ वाटू लागतं.

पायरी ५: पातळी
यंत्राच्या मागे सिग्नलची पातळी निवडायचं बटण असेल तर ते जोडलेल्या यंत्राच्या पातळीशी जुळवा. नेहमीच्या दोन पातळ्यांपैकी −१० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट, +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, फरक जवळपास १२ डेसिबलचा. मग सगळ्यात जोरकस कॉर्ड वाजवा. लाल दिवा लागला तर इनपुट कमी करा, सगळे दिवे मेलेले दिसले तर वाढवा.

पायरी ६: गुणगुण
गुणगुण आली तर केबल एकेक काढून कोणत्या जोडणीने ती थांबते ते शोधा. त्या जोडणीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.

पायरी ७: कानांनी तपासा
दोन्ही कॅबिनेटच्या मधोमध उभे राहा आणि इफेक्ट बंद करून वाजवा. खर्ज गायब झाला असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या आहेत. मग एकेक बाजू बंद करून इफेक्ट ऐका. पिचच्या इफेक्टमध्ये डावीकडे सुमारे ९ सेंट वर, उजवीकडे तेवढंच खाली ठेवून बघा. एका अर्धस्वराचे १०० सेंट असतात, तरी एवढ्याशा फरकानेही आवाज भिंतीएवढा रुंद होतो.

कार्यक्रमाच्या हॉलमध्ये ध्वनिव्यवस्था मोनो असेल तर ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या जॅकमधूनच आवाज द्या आणि उजवा जॅक मोकळा ठेवा. बऱ्याच यंत्रांत उजवीकडे प्लग असला की डावीकडून फक्त डावाच आवाज येतो.