महागडे घड्याळ हातात ठेवून घरकाम आणि अंगमेहनतीची कामे: या चुका टाळा

महागड्या घड्याळावर पहिला ओरखडा उमटला की मालकाचा जीव खालीवर होतो. तो घड्याळ उजेडात तिरके धरून पाहतो, त्यावरून बोट फिरवतो आणि पुढचे चार दिवस हळहळतो. प्रत्यक्षात ओरखड्याने कोणतेही घड्याळ बंद पडत नाही. बंद पडण्याची कारणे वेगळी असतात: आत शिरलेली वाफ, पाणी अडवणारी पण कडक झालेली रबरी रिंग, यंत्राला बसलेला हादरा किंवा हेअरस्प्रिंगला, म्हणजे वेळेचा ठेका धरणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लागलेले चुंबक. यांतले काहीच वरून दिसत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नाही. घड्याळ घालून काम करणाऱ्यांच्या बहुतेक चुका या उलट्या झालेल्या भीतीतून होतात.

मीटरचा आकडा शब्दशः घेणे

तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलेले असते आणि मालक समजतो की भांडी घासणे, कपडे धुणे आणि अंघोळ यांचा प्रश्न मिटला. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो. ३० मीटर म्हणजे साधारण ३ बार दाब (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), आणि तोही रबरी रिंगा नव्या असताना सोसलेला. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे आणि कडक मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते आणि चाचणी लिहिलेल्या दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाबावर होते.

याच्या उलट बाजूचा एक गैरसमजही आहे. पाण्यात हात जोराने हलवला की दाब अनेक पटींनी वाढतो, असे बरेचदा सांगितले जाते. हिशेब करून पाहिला तर सेकंदाला १० मीटर वेगाने, म्हणजे कोणत्याही जलतरणपटूला साधणार नाही इतक्या वेगाने, हात पाण्यातून नेला तरी वाढणारा दाब सुमारे ५ मीटर खोलीइतकाच भरतो. गाडी किंवा अंगण धुण्याच्या प्रेशर वॉशरची गोष्ट निराळी आहे. त्याच्या तोटीतून येणारा फवारा शंभर बारच्या आसपासचा असू शकतो, आणि तो चावीच्या, म्हणजे वेळ जुळवण्याच्या बाजूच्या गुंडीच्या, फटीवर जवळून बसला तर चांगले घड्याळही हार मानते.

घरकामात घड्याळाचा घात खोलीमुळे होत नाही, तो उष्णतेमुळे आणि साबणामुळे होतो. गरम पाण्यातून घड्याळ बाहेर आले आणि लगेच थंड पाण्याखाली गेले, तर आतली हवा आकसते आणि बाहेरची ओल आत ओढू पाहते. त्याच वेळी धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात आकसत असतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे जिथे साधे पाणी शिरले नसते तिथे साबणाचे पाणी शिरते. रबरी रिंग काही वर्षांत कडक होते, आणि तिची अवस्था घड्याळ न उघडता कळण्याचा एकमेव विश्वासार्ह मार्ग दाबचाचणी हाच आहे. पाण्याजवळ काम करणाऱ्याने ही चाचणी वर्षातून एकदा करून घ्यावी. फरशी किंवा संडास धुण्याचे क्लोरीनयुक्त ब्लीच हा आणखी एक छुपा शत्रू आहे. ३१६एल हे चांगल्या प्रतीचे स्टील असले तरी क्लोराइडमुळे त्यावर सूक्ष्म खड्डे पडू शकतात, आणि सोन्याच्या मिश्रधातूलाही क्लोरीन मानवत नाही.

चावी, म्हणजे कारागिरांच्या भाषेतला क्राऊन, उघडी राहणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सकाळी वेळ जुळवली, चावी ढकलली पण फिरवून घट्ट केली नाही, आणि तसेच पाण्यात हात घातले. रोलेक्सने १९२६ मध्ये ऑयस्टर घड्याळ आणले, ते काचेची कड, मागचे झाकण आणि चावी हे तिन्ही आटे पाडून घट्ट बसवूनच. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ हिने इंग्लिश खाडीत दहा तासांहून अधिक काळ पोहताना हे घड्याळ गळ्यात अडकवले होते आणि ते चालू राहिले. त्या घड्याळाची चावी अर्धवट उघडी असती, तर पहिल्या काही मिनिटांतच प्रयोग संपला असता. क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाची, बटणे ओल्या हातांनी दाबू नयेत, हेही याच रांगेतले. पाणबुड्यांसाठी खास बनवलेली मोजकी घड्याळे याला अपवाद आहेत.

काचेच्या आत धुके दिसले तर

थंड जागी गेल्यावर काचेवर आतून क्षणभर धुके आले आणि निघून गेले, तरी ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. आत ओल आहे याची ती पहिली सूचना असते. थेंब दिसत असतील तर घड्याळ त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. तांदळाच्या डब्यात ठेवणे, केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारणे किंवा उन्हात ठेवणे, हे तिन्ही उपाय निरुपयोगी आहेत आणि शेवटचे दोन घातकही आहेत, कारण उष्णतेने आतले पाणी वाफ होऊन यंत्राच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचते आणि तेलही पसरते. समुद्राचे पाणी शिरले असेल तर दिवस नव्हे, तास मोजावेत. पोलादी भागांवर गंज फार लवकर चढतो.

हातोडी आणि ड्रिल

यांत्रिक घड्याळाच्या गाभ्यात बॅलन्स व्हील, म्हणजे हेअरस्प्रिंगच्या जोरावर पुढेमागे डुलणारे चाक, असते. आजच्या बहुतेक घड्याळांत ते तासाला २८,८०० ठोके, म्हणजे दिवसाला जवळजवळ सात लाख ठोके देते, आणि ज्या टोकांवर ते फिरते ती सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीची किंवा त्याहूनही बारीक असतात. धक्क्यापासून या टोकांना वाचवण्यासाठी इन्काब्लॉकसारख्या लवचीक बैठका १९३० च्या दशकापासून वापरात आहेत. धक्कारोधक म्हणवून घेण्यासाठी आयएसओ १४१३ हे मानक आहे. कठीण लाकडी पृष्ठभागावर एक मीटरवरून पडल्याइतका धक्का घड्याळाने सोसावा, ही त्यामागची कल्पना. ही परीक्षा मोजक्या आघातांची आहे. भिंतीत भोक पाडणारे हॅमर ड्रिल मिनिटाला हजारो आघात करते आणि त्यातले पुष्कळसे मनगटापर्यंत पोहोचतात. स्वयंचलित घड्याळातला जड रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरून घड्याळाला चावी देणारे वजन, अशा हादऱ्यात वेडावाकडा नाचतो, त्याचे बेअरिंग झिजते आणि कधी स्क्रूही सैल होतो. काम झाल्यावर घड्याळ हलवल्यास आतून खडखड ऐकू आली, तर ते घालणे तत्काळ थांबवावे, कारण सुटलेला स्क्रू चाकांमध्ये अडकला की दुरुस्तीचे बिल कितीतरी वाढते.

घड्याळ डाव्या हातात आणि हातोडी उजव्या हातात, म्हणजे धोका नाही, असे काही जण मानतात. ते निम्मेच खरे आहे, कारण डाव्या हाताने छिन्नी किंवा खिळा धरलेला असतो. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळात बॅलन्स व्हील नसते, त्यामुळे ते अशा कामात जास्त टिकते. किकुओ इबे यांनी १९८१ मध्ये न तुटणाऱ्या घड्याळावर काम सुरू केले आणि १९८३ मध्ये कॅसिओचे पहिले जी-शॉक बाजारात आले, ते नेमके याच गरजेपोटी. घरात महागडे घड्याळ असताना कामासाठी प्लास्टिकचे साधे घड्याळ घालण्यात काहींना कमीपणा वाटतो. मला तो सरळसरळ शहाणपणा वाटतो.

चुंबक विसरणे

एके दिवशी घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागते आणि मालकाला वाटते, सर्व्हिसिंगची वेळ आली. पुष्कळदा तसे नसते. हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले, की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ वेगाने पळू लागते. स्क्रू सांभाळण्यासाठी मनगटावर बांधायचा चुंबकी पट्टा, चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर, स्पीकर, टॅबलेटचे झाकण, पिशवीचे चुंबकी बटण ही नेहमीची कारणे. आयएसओ ७६४ नुसार चुंबकरोधक घड्याळाने मीटरला ४,८०० अँपिअर, म्हणजे साधारण ६० गॉसचे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे माप) क्षेत्र सोसले पाहिजे; छोटा पण शक्तिशाली चुंबक घड्याळाला टेकला तर ही मर्यादा सहज ओलांडतो. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असलेल्या घड्याळांना हा त्रास फार कमी होतो. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळे तर १५,००० गॉसमध्ये तपासली जातात. शंका असल्यास साधे होकायंत्र घड्याळाजवळ न्यावे. सुई जोरात झटका देऊन वळली, तर चुंबक लागले आहे असे समजायला हरकत नाही. ते काढण्याचे काम कारागिराकडे काही सेकंदांत होते.

घड्याळाआधी मनगट

लेथ, उभे ड्रिल किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राजवळ घड्याळ घालू नये. फिरत्या भागात धातूची साखळी अडकली, तर ती तुटेलच याची खात्री नसते, आणि ती तुटली नाही तर काय होईल हे लिहिण्याची गरज नाही. गाडीच्या बॅटरीजवळ धातूचा पट्टा बॅटरीच्या धन टोकाला टेकलेल्या पान्याला आणि गाडीच्या बॉडीला एकदम टेकला, तर शॉर्टसर्किट होऊन शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो आणि पट्टा क्षणात तापून मनगट खोलवर भाजते. या दोन कामांत घड्याळ किती किमतीचे आहे, हा प्रश्नच गौण आहे.

काढण्यातल्या आणि पुसण्यातल्या चुका

घड्याळ काढायचे ठरवूनही ते चुकीच्या वेळी काढले जाते. काम अर्ध्यावर आल्यावर, ओल्या किंवा तेलकट हातांनी, बेसिनच्या काठावर उभे राहून पट्टा सोडला, की घड्याळ फरशीवर जाते, आणि कठीण फरशी लाकडापेक्षा बरीच निर्दयी असते. ते खिशात किल्ल्यांबरोबर टाकणे किंवा काच खाली करून दगडी ओट्यावर ठेवणे, याही त्याच घाईच्या चुका. काम सुरू करण्यापूर्वी, कोरड्या हातांनी, बसून घड्याळ काढावे आणि मऊ कापडावर ठेवावे.

ओरखड्यांचे मूळही बरेचदा कामात नसून काम संपल्यानंतरच्या पुसण्यात असते. नीलम काचेची कठीणता मोहस मापनावर ९ आहे, त्यामुळे धूळ तिला काही करीत नाही. पण सिमेंट, वाळू आणि मातीच्या धुळीत क्वार्ट्झ या खनिजाचे, म्हणजे गारेचे, कण असतात, त्यांची कठीणता ७, म्हणजे स्टीलपेक्षा बरीच अधिक. धुळीने माखलेले घड्याळ सदऱ्याच्या बाहीला पुसणे म्हणजे स्टीलवर बारीक पॉलिशपेपर फिरवणे. आधी धूळ मऊ ब्रशने झटकावी. घड्याळ जलरोधक असेल आणि चावी घट्ट असेल तर कोमट पाण्याने धुवावे, मग पुसावे. कातडी पट्टा मात्र पाण्यापासून दूरच ठेवावा. नीलम काच ओरखडत नसली तरी कडेवर आघात झाल्यास तिचा टवका उडतो किंवा ती फुटते, हेही लक्षात असावे. पडलेल्या ओरखड्यांसाठी दरवर्षी पॉलिश करून घेणे टाळावे, कारण प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू जातो आणि काही वर्षांत घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या धारदार कडा गोलसर होतात. पट्ट्याच्या पिना मात्र बदलायला मागेपुढे पाहू नये. घड्याळाच्या मानाने त्यांची किंमत नगण्य असते आणि घड्याळ खाली पडते ते बहुधा त्यांच्यामुळेच.

घड्याळाला काम करताना जोराचा धक्का बसला असेल तर पुढचे तीन दिवस ठरलेल्या वेळी ते फोनच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक पडतो ते लिहून ठेवावे. क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेची कसोटी पार केलेले घड्याळ, याचे प्रमाणपत्र देणारी स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था यंत्राला दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच सवलत देते; साध्या घड्याळात याहून जास्त फरक चालतो, पण धक्क्याआधीची आणि नंतरची सवय अचानक बदलली असेल तर ती खूण पुरेशी आहे. आणि कारागिरासमोर बसल्यावर घड्याळ हातात असताना कोणते काम चालले होते, ते खरे सांगावे. मागचे झाकण उघडल्यावर त्याला ते दिसणारच असते; आधी कळले तर कुठून शोधायला सुरुवात करायची, तेवढा त्याचा वेळ वाचतो.