गच्चीवर ड्रॅगन फ्रूट: एक ड्रम, एक खांब

ड्रॅगन फ्रूट निवडुंगच, पण वाळवंटातला नव्हे. मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारा हा वेल आहे. म्हणून त्याला निचरा लागतो, तसंच शेणखत लागतं आणि मे महिन्यात थोडी सावलीही लागते.

200 लिटरचा ड्रम आडवा अर्धा कापा, तळाला 6 भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू व विटांचे तुकडे. भरलेला ड्रम दीडशे किलोच्या घरात जातो, त्यामुळे तो बीमवरच ठेवा. माती भरण्याआधीच मधोमध 5-6 फुटी खांब पक्का रोवा. पीव्हीसी पाइप असेल तर त्यावर गोणपाट गुंडाळा, गुळगुळीत पाइपला हवाई मुळं धरत नाहीत. वर जुनं टायर बसवा.

कांडी जून, गडद हिरवी, फूट-दीड फुटाची घ्या. कापलेलं टोक सावलीत 5-7 दिवस सुकू द्या. ओली लावली की सहज कुजते. टोक उलटं न करता दोन इंचच खोल लावा. एका ड्रमला दोन कांड्या पुरेत.

प्रत्येक कांडीचा एकच सरळ फुटवा ठेवून दर फुटावर सुतळीने सैल बांधा, बाजूचे फुटवे काढत राहा. वेल टायरच्या वर आला की शेंडा खुडा. मग फांद्या फुटून खाली लोंबतात आणि फुलं त्यांवरच येतात. इथे दया दाखवली की नुसता वेल वाढतो.

उन्हाळ्यात दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी. पावसाळ्यात बहुतेक लागतच नाही.

खोड पिवळं पडलं की लोक आधी पाणी वाढवतात, तिथेच घात होतो. नैऋत्येची बाजू पांढरट-पिवळी आणि कोरडी असेल तर ते ऊन लागणं, शेडनेट बांधा. बुडखा तपकिरी, मऊ आणि दुर्गंधीयुक्त असेल तर मूळकूज. निरोगी भाग कापून, सुकवून नव्याने लावा. नारिंगी-तपकिरी ठिपके बुरशीचे असतात. तो भाग काढा, सुरी स्पिरिटने पुसा आणि कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लावा.

फुलं जूनपासून, रात्री उमलतात आणि सकाळी कोमेजतात. पांढऱ्या गराच्या बहुतेक जातींत आपोआप फळ धरतं. लाल गराच्या अनेक जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. रात्री नऊनंतर ब्रशने तो लावा. फळ साधारण महिन्याभरात रंगतं. पूर्ण लाल झाल्यावर आणखी 3-4 दिवस वेलीवरच ठेवा, तोडल्यावर गोडी वाढत नाही.