छोट्या कुत्र्याचे दात घासायचे तर आधी ओठ उचलून बघा

आमची चिंगी पोमेरेनियन आहे, आता आठ वर्षांची. पाचव्या वर्षी एक दिवस तिच्या डोळ्याखाली सूज आली, आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली असेल, पण डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवलं तर वरची मागची मोठी दाढ पिवळी-तपकिरी पडलेली आणि मुळाशी पू झालेला. दाढ काढावी लागली. समोरचे दात पांढरेशुभ्र होते म्हणून आम्ही मागे कधी बघितलंच नव्हतं. त्यामुळे आज रात्रीच आपल्या कुत्र्याचा ओठ हळूच वर करून मागपर्यंत बघा.

कुत्रं मोठं असो की छोटं, दात ४२च असतात, आणि पोम, पग, शिह त्झूच्या एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसतात, मग फटीत अन्न अडकतं, त्याचा चिकट थर होतो आणि तो थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. एकदा दगडासारखं किटण झालं की ब्रशने निघत नाही, म्हणून रोज घासायचं, निदान एक दिवसाआड तरी.

आपली टूथपेस्ट अजिबात वापरू नका. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं, त्यात फ्लोराइड असतं आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते), ते तर कुत्र्यासाठी विषच, रक्तातली साखर एकदम खाली जाते, लिव्हर खराब होऊ शकतं. कुत्र्यांची चिकन फ्लेवरची पेस्ट पेट शॉपमध्ये मिळते. ब्रश लहान बाळाचा, मऊ केसांचा घ्या, नाहीतर बोटात घालायचा.

पहिल्याच दिवशी ब्रश तोंडात घालू नका ना. चिंगीला आम्ही आठवडाभर फक्त बोटावरची पेस्ट चाटू दिली, मग ओल्या सुती कापडाने दात पुसले, आणि तिसऱ्या आठवड्यात ब्रश आणला. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन उतरेपर्यंत कुत्रं वैतागलेलंच असतं, म्हणून आम्ही रात्री जेवण झालं की कूलरसमोर बसून घासतो. मांडीवर तिची पाठ आपल्याकडे करून घ्यायची, तोंड जबरदस्तीने उघडायचं नाही, गालाचा ओठ उचलायचा आणि ब्रश थोडा तिरका, हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे ठेवून छोटे छोटे गोल फिरवायचे. सुरुवात वरच्या मागच्या दाढेच्या बाहेरच्या बाजूने करा, सगळ्यात जास्त किटण तिथेच जमतं. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, ती राहिली तरी चालेल. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतो, आणि झालं की शाबासकी द्याच, आमची तर पेस्टचं झाकण उघडल्याचा आवाज आला की स्वतः येऊन बसते.

हिरड्या लालबुंद असतील, दात हलत असेल, कुत्रं एकाच बाजूने खाऊन राहिलं असेल किंवा तोंडाला सडका वास येत असेल तर आधी डॉक्टर, ब्रश नंतर, कारण दुखऱ्या जागी घासलं की पुन्हा हात लावू देणार नाही. भूल न देता वरवर खरवडून घेऊ नका, दात चमकतात पण हिरडीखालची घाण तशीच राहते, आणि खरा आजार तिथेच असतो. जवळ कोणी भेटत नसेल तर इथे नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये चौकशी करा.

घरी सावजी मटण झालं की त्यातलं हाडूक प्रेमाने देतात, नका देऊ बापा, हाडाने दाढ उभी चिरते आणि मसाल्यातला कांदा-लसूण त्यांना बाधतो. चघळायला द्यायचंच तर अंगठ्याचं नख रुततं इतपत मऊ द्या.

आणि पिल्लू असेल तर सहा-सात महिन्यांचं झालं की सुळे मोजा. दुधाचा सुळा न पडता बाजूलाच नवा आला असेल, छोट्या जातींत हे फार होतं, तर डॉक्टरांना दाखवा, नसबंदीच्या भुलीतच तो दुधाचा सुळा काढता येतो.