कापडकलेत उतरताय? आधी कापड भिजत घाला, आणि या चुका टाळा

दर डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो आणि जानेवारी उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. ‘ताई, मलापण गावच्या बायकांना घेऊन कापडाचं काहीतरी मोठ्ठं करायचंय.’ आनंद आहे. मी विचारते, ‘कापड भिजवलंस?’ पलीकडे शांतता.

कोऱ्या कापडाला तशीच कात्री लावणं ही माझी खास चूक, कारण ती मी स्वतः करून बसलेय. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर तेवीस जणींनी मिळून आम्ही बारा फुटी वाकळ शिवली. एका कार्यालयाच्या व्हरांड्यात लावायची होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे बायकांनीच दिले. शंभरदा धुतलेली लुगडी ती, त्यांचा काही त्रास नव्हता. लाल कमी पडला म्हणून मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चौकड्याचं कापड आणलं आणि त्याच संध्याकाळी कापलं. अस्तराला कोरा मांजरपाट. एका आजीने बोटाला थुंकी लावून तो लाल तुकडा घासला, बोट मला दाखवलं आणि म्हणाली, ‘बाय, हाचो रंग वतलो.’ म्हणजे याचा रंग जाणार. मला मुदत गाठायची होती. मी हसून वेळ मारून नेली.

जूनमध्ये पावसाची झड व्हरांड्यात आली. लाल रंग शेजारच्या पांढऱ्या लुगड्यावर उतरला, कुणीतरी पान खाऊन पिंक टाकावी तसा. वाळताना अस्तर आटलं. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा पाच आटलं तरी बारा फुटांत सात इंच जातात. वरचे जुने तुकडे आटत नाहीत, मग ते फोडासारखे फुगतात. अख्खा जुलै मी उसवत बसले, वीज असेल तेव्हा दिव्याखाली आणि नसेल तेव्हा दारात. आजी उसवायला यायची. त्या रंगाबद्दल एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून कोरं कापड रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी धुण्याचा सोडा घालून उकळी. पाणी पिवळट निघतं ती खळ. रंगीत कापडावर ओलं पांढरं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्याला डाग लागला की कापड दुकानात परत. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो, असं रीलवाले सांगतात. होत नाही. मीठ रंगवतानाच्या पाण्यात उपयोगी, तेही काही रंगांना. बाजारातून आणलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने बसत नाही.

खळ राहिलेल्या कापडाला गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी येणारच, कसरही लागते. प्लास्टिकात गुंडाळू नका. मी वाकळी घडी न घालता जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळते आणि जून ते सप्टेंबर कपाटात बल्ब पेटता ठेवते. वीजबिलावरून घरात दरवर्षी बोलणी खाते.

हळद आणि बीट उन्हात उडतात. त्यांच्यावर प्रदर्शनाचं काम उभं करू नका. सुतावर नैसर्गिक रंग हवा तर आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग. मधली पायरी गाळणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्यांदा फारसे भेटत नाहीत.

आता गावात शिरण्याबद्दल. आराखडा लॅपटॉपवर तयार, बायकांनी फक्त टाके घालायचे, याला सामुदायिक कला म्हणू नका. ती शिलाई आहे, तिचा दर द्या. आणि दिनदर्शिका बघा हो! मार्च ते मे काजू, जुलैत भाताची लावणी, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. चवथीच्या आठ दिवस आधी कार्यशाळा ठेवून ‘प्रतिसाद नाही’ म्हणणारा एक तरुण मला दरवर्षी भेटतो, दरवर्षी वेगळा. त्या दिवसांत घरोघरी नेवऱ्या म्हणजे करंज्या तळताहेत, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं जमवताहेत. मी दिवाळीनंतरच्या दुपारी धरते, दोन ते पाच. पहिल्या दोन बैठकांत सुई बाहेर काढत नाही. दिवसाची मजुरी हातात, आणि पाटीवर सगळ्यांची नावं. ‘स्थानिक महिला’ हे नाव नव्हे.

लाल चौकडा दिसला की त्याला ‘कुणबी’, म्हणजे गोव्यातल्या कुणबी बायकांच्या लुगड्याची वीण, म्हणायची घाईही नको. गोव्याचे दिवंगत फॅशन डिझायनर पद्मश्री वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्या विणीसाठी किती खटपट केली ते आधी समजून घ्या. आणि खांद्यावर गाठ मारून ते लुगडं नेसणारी एखादी आजी अजून भेटली तर तिच्याशी बोला.

शेवटचं, कागद. एका रिसॉर्टने माझा भिंतपडदा घेतला. ‘नक्षी आमच्या उश्यांवर छापली तर चालेल ना?’ म्हणाले. मी चहाच्या कपावर ‘चालेल’ म्हटलं. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ मला नंतर कळलं: डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी, पण न नोंदवलेली नक्षी तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने कुणी यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त वेळा उतरवली की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. हक्क लेखी दिलात आणि मुदत लिहिली नाहीत, तर कायदा पाच वर्षं धरतो. मी आता किती नग, किती वर्षं, कुठे, हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय नमुनाही पाठवत नाही.

निम्मे पैसे आगाऊ घ्या, कापडाचा खर्च वेगळा. आणि ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करून टाका. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल २००६च्या कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज. मी बिलाच्या तळाशी तेवढी ओळ छापून घेतलीय. नोंदणी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.