ओढ्याकाठची बाग आखताना आधी पाण्याची जागा सोडा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या खांबावर लाल ऑइलपेंटची एक आडवी रेघ आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबील ओढ्याचं पाणी तिथवर चढलं होतं, जमिनीपासून 1.4 मीटर. त्या रात्री शहरात सीमाभिंती कोसळल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी चिखल काढतानाच मी पट्टी लावून ती रेघ मारली. नोकरीभर ड्रॉइंग बोर्डवर काम केलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

पुढे वर्षभराने ओढ्याकाठच्या 'सुशोभीकरणा'चा नकाशा आला, तर जॉगिंग ट्रॅक थेट पात्रात! तेव्हापासून आसपासचे लोक विचारायला येतात, "काकू, आमच्या नाल्याचं करायचंय, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मे महिन्यात, पायात गमबूट घालून.

मे महिना अशासाठी, की तेव्हा पात्रात जे वाहत असतं ते पावसाचं नसतं, आपलंच असतं. पाणी कुठून येतंय ते शोधत वरच्या अंगाला चालत जा. फुटलेलं चेंबर, एखाद्या इमारतीने गुपचूप सोडलेला पाइप, सगळं सापडतं. प्रत्येक जागेचा फोटो, लोकेशनसह. हे सांडपाणी मैलावाहिनीत वळल्याशिवाय बागेवर एक रुपया खर्च करू नका. वासामुळे बाकावर कोणी बसणार नाही आणि डासांमुळे बसलेला उठेल.

सोबत तीन माणसं हवीत. वस्तीतलं एक जुनं माणूस, मोबाइल नीट वापरता येणारी कॉलेजातली मुलगी किंवा मुलगा, आणि नालेसफाई करणारा मुकादम. मुकादमाला चहा पाजा. दर वर्षी गाळ कुठे साचतो, गाद्या आणि थर्माकोल कुठे अडकतात, हे त्याच्याइतकं कुठल्याही सल्लागाराला माहीत नसतं. जुन्या माणसाला मात्र "पाणी किती आलं होतं?" असं विचारू नका, "खूप" एवढंच उत्तर मिळतं. "कुठल्या पायरीपर्यंत?" असं विचारा. पायरी, जोतं, मीटरची पेटी, देवळाचा कट्टा अशा खुणांवर खडूने रेघा मारत गेलात, की दोन तासांत तुमचा पुराचा नकाशा तयार होतो.

मग टेप काढा आणि पूल, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा) मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरी गोम इथेच असते. आमच्याकडच्या एका उपनाल्याचं पात्र 4 मीटर रुंद, दीड मीटर खोल; म्हणजे पाण्याला वाट 6 चौरस मीटर. रस्त्याखाली मात्र 1.2 मीटर व्यासाचे दोनच पाइप. दोन्ही मिळून वाट जेमतेम सव्वादोन चौरस मीटर, तीही फांदी अडकली नाही तर. उरलेलं पाणी जाणार कुठे? रस्त्यावरून, आमच्या पार्किंगमध्ये. अशी मोरी तशीच ठेवून काठावर कितीही दगडी कठडे बांधा, पाणी तुंबणारच.

सभेत लोकांना पटवायला एक हिशेब पाठ करून ठेवा. 1 हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 10 लाख लिटर पाणी होतं, म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर. डोंगर हिरवा असेल तर त्यातलं बरंच मुरतं. डांबर, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक असतील तर जवळजवळ सगळं ओढ्यात येतं, आणि तेही एकदमच.

आता कागद. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून विकास आराखड्याची प्रत, सिटी सर्व्हेतून मोजणीचा नकाशा आणि जुना गावनकाशा मिळवा. तिन्ही एकाच प्रमाणात आणून ट्रेसिंग पेपरवर एकमेकांवर ठेवा. ओढा कुठे अरुंद झाला, कुठे काटकोनात वळवला, हे लगेच दिसतं. आंबील ओढ्याला वळवण्याचा इतिहास तर पेशवाईतला. नानासाहेबांच्या काळात प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, तीच आजची सारसबाग. म्हणून तिथला गणपती तळ्यातला! नदीजवळ असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषाही बघा: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या.

या सगळ्यावर खडूच्या रेघा उतरवल्या, की उरते ती बागेची जागा. ती थोडीच असते. वाईट वाटतं, पण उलट्या क्रमाने आखलेली बाग पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते.

पुराच्या पट्ट्यात फक्त मोकळं मैदान ठेवा, आजूबाजूपेक्षा हातभर खोलगट. वर्षातले चार दिवस ते पाण्याखाली गेलं तर जाऊ द्या, बाकीचे दिवस पोरं क्रिकेट खेळतील. ओपन जिम, शौचालय, विजेचे डीपी उंचावरच्या जागेत. प्रवाहाला आडवी भिंत अजिबात नको, अगदीच हवं तर जाळीचं कुंपण. वर चढून बाहेर पडायला किमान दोन वाटा ठेवा, आणि रात्री त्यांना कुलूप लावू नका. ओढ्याच्या तळाला काँक्रीट करायचा आग्रह हमखास होतो, 'स्वच्छ दिसतं' म्हणून. मी दर वेळी भांडते. पाणी मुरणं थांबतं आणि वेग वाढून खालच्या वस्तीला फटका बसतो. काठ ढासळत असेल तिथे जाळीत दगड भरून गॅबियन करा.

झाडांचं एवढंच, की पाण्यालगत लव्हाळा आणि वाळा, उतारावर निरगुडी, वर करंज, उंबर, जांभूळ. लॉन आणि शोभेचे पाम कंत्राटदाराच्या आवडीचे असतात.

शेवटी फाइल. 'ओढा सुधारणा' असा एकच अर्ज दिलात तर तो टेबलाटेबलावर फिरत राहील. मलनिःसारण, पथ, उद्यान असे वेगळे अर्ज करा, प्रत्येकाला त्याच्यापुरता नकाशा आणि फोटो जोडा, आवक क्रमांक घ्या. छोटी कामं नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात सुचवता येतात. कनिष्ठ अभियंत्याला कागदावर समजावण्यापेक्षा एकदा मोरीपाशी उभं करा. आमच्या साहेबांनी टेप स्वतःच्या हातात घेतला, दोनदा मोजलं, आणि मग विचारलं, "मॅडम, ही इतकी वर्षं अशीच आहे?"

पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन त्याच पुलावर जा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. मी दर वर्षी काढते. यंदा पाणी मोरीच्या वरच्या कडेपासून दोन विटा खाली होतं.