घरचं नेट अडलंय? राउटरला हात लावण्याआधी या चुका टाळा

नेट गेलं की अनेकांचा हात पहिला जातो तो राउटरच्या मागच्या बारीक भोकाकडे. टाचणी खुपसून दहा सेकंद दाबलं की सगळे दिवे विझतात, पुन्हा लागतात आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण ते भोक रीस्टार्टचं नाही, रीसेटचं. त्यात वायफायचं नाव आणि पासवर्ड तर जातोच. कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडलं जाणारं असेल तर कंपनीने दिलेला युजरनेम-पासवर्डही पुसला जातो. मूळ बिघाड होता तिथेच, वर हा नवा ओढवून घेतलेला. बंद-चालूच करायचं असेल तर प्लग काढा. आधी मोडेम किंवा फायबरचा डबा (ज्यात कंपनीची लाइन येते तो) चालू करा आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर.

त्याआधी एवढं बघा: नेट सगळ्यांचं गेलंय की एकाचंच? बाकीचे मोबाइल-लॅपटॉप नीट चालत असतील तर बिघाड बहुधा त्या एकाच मशीनमध्ये आहे, राउटरला उगाच छळू नका. सगळ्यांचं गेलं असेल तर एक संगणक केबलने थेट राउटरला जोडून बघा. तिथे नेट आलं तर दोष वायफायचा. आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशाचा सिग्नलच पोचत नाहीये. पिवळी पातळ केबल कुठे दुमडली किंवा निसटली नाही ना, तेवढं पाहून सरळ तक्रार नोंदवा.

अंदाजाने सेटिंग बदलत सुटणं ही दुसरी चूक. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड द्या. त्यात दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक, १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय. मग केबल, पोर्ट किंवा राउटरमधलं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) तपासायचं. पत्ता ठीक असेल तर आधी डिफॉल्ट गेटवेला (तिथेच दिसणाऱ्या राउटरच्या पत्त्याला) पिंग (ping) करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा, नंतर ८.८.८.८ला (हा गूगलचा नेटवरचा पत्ता), शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला. जिथे उत्तर थांबतं तिथे शोधायचं. ८.८.८.८ उत्तर देतोय पण नाव सापडत नाही, तर लाइन ठणठणीत आहे आणि गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेट आलं तरी कशाने आलं ते कळत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो दुसरा राउटर. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून जुना राउटर काढून लॅन पोर्टला (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेला) जोडला जातो आणि त्याचं डीएचसीपी तसंच चालू राहतं. एका म्यानात दोन तलवारी. काही उपकरणांना खऱ्या राउटरचा पत्ता मिळतो, काहींना जुन्याचा. ज्यांना जुन्याने गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता दिला, ती अडकतात. कधी मोबाइल चालतो, लॅपटॉप नाही. रीस्टार्ट केलं की उलटं. असा लहरीपणा दिसला की आधी हाच संशय घ्या. उपाय सोपा आहे: जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला, कारण दोघांचाही १९२.१६८.१.१ असेल तर टक्कर ठरलेली. ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय पसरवायचा) असेल तर तोच निवडा. जुना राउटर त्याच्या वॅन पोर्टने (बाहेरून नेट घ्यायच्या खाचेने) जोडला तर ब्राउझिंग चालेल, पण एका बाजूचा प्रिंटर दुसऱ्या बाजूला सहसा सापडत नाही.

एका संगणकाचं नेट दुसऱ्याला देत असाल तर नेट शेअरिंगची खूण अनेकदा चुकीच्या ॲडॅप्टरवर (संगणकाच्या नेटवर्क जोडणीवर) पडते. ज्या ॲडॅप्टरवर नेट येतं त्यावर ती करायची. दुसऱ्या संगणकाकडे जाणाऱ्या ॲडॅप्टरला विंडोज स्वतःच १९२.१६८.१३७.१ हा पत्ता देतं. तो हाताने बदलू नका. दुसऱ्या संगणकावर पत्ता आपोआप घेण्याचीच सेटिंग ठेवा. आणि मुख्य संगणक स्लीपमध्ये गेला की सगळ्यांचंच नेट जाणार, हे घरातल्यांना सांगून ठेवलेलं बरं.

नेट आहे पण रडत चालतंय? केबलच्या जोडणीत लिंक स्पीड (संगणक आणि राउटरमधला वेग) बघा. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. क्लिपपाशी एखादी तार सुटली की जोडणी अनेकदा गुपचूप १००वर येते आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात. केबल बदलून बघा. ठरावीक वेळीच सगळं मंदावत असेल तर कुणाच्या तरी मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढतायत का बघा. अपलोड तुडुंब भरलं की डाउनलोडही खुंटतं, कारण मिळालेल्या डेटाची पोच त्याच वाटेने परत जायची असते. बॅकअपला वेगमर्यादा घाला, किंवा तो रात्री चालू द्या.