कार्ब्सची तल्लफ आवरत नाही? आधी ती कुठून येते ते शोधा

जेवण होऊन तासभर होत नाही तोच काहीतरी गोड नाहीतर कुरकुरीत, म्हणजे कार्ब्सचं (साखर, मैदा, भात, बटाटा असं गोड-पिष्टमय) हवं असं वाटायला लागतं, बिस्किटांचा पुडा उघडला जातो, पहिली दोन बिस्किटं चव घेऊन खाल्ली जातात आणि मग नुसता हात चालू राहतो, पुडा संपला की लक्षात येतं की शेवटच्या पाच-सहा बिस्किटांची चव लागलीसुद्धा नाही. त्यानंतर स्वतःला बोल लावणं सुरू, मी हावरट आहे, मला कंट्रोलच नाही, मला बहुतेक खाण्याचं व्यसन, म्हणजे फूड अ‍ॅडिक्शन आहे. ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. आधी एक करा, यात स्वतःच्या स्वभावाचा दोष शोधणं थांबवा, कारण त्याने तल्लफ कमी होत नाही, उलट लाज वाटून लपूनछपून खाणं मात्र वाढतं.

आता मूळ प्रश्न, फूड अ‍ॅडिक्शन खरंच असतं का. एका शब्दात उत्तर नाही देता येणार. थेरन रँडॉल्फ नावाच्या डॉक्टरांनी १९५६ मध्येच याबद्दल लिहिलं होतं, पण मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या डीएसएम-५ या पुस्तकात हा आजार म्हणून आजही नाही. बिंज ईटिंग डिसऑर्डर (कमी वेळात ताबा सुटून खूप खाल्लं जाणं, तेही वारंवार) मात्र आहे, २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून. दुसरीकडे येल विद्यापीठात २००९ मध्ये अ‍ॅशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली, दारू-तंबाखूच्या व्यसनाचे निकष खाण्याला लावून बघणारी, आणि जगभरातले अभ्यास एकत्र केले तर त्या निकषांत साधारण १४ टक्के मोठी माणसं बसतात. म्हणजे त्रास खरा आहे, यात मला काहीच शंका नाही. वाद आहे तो त्याला व्यसन म्हणायचं का यावर.

साखर ड्रग्जसारखी असते असं जे सगळीकडे ऐकू येतं ते बरंचसं अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उंदरांवरच्या प्रयोगांवरून आलंय. पण त्यातला एक भाग कोणी सांगतच नाही. त्या उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवायचे आणि मग साखरेचं पाणी द्यायचे, तेव्हा ते व्यसनी असल्यासारखे वागले. ज्यांना साखर दिवसभर मिळत होती त्यांच्यात तो प्रकार तसा दिसला नाही! माणसांचं उदाहरण हवं असेल तर १९४४-४५ मधला मिनेसोटाचा प्रयोग बघा, ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तर ती मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली, आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काही जणांना पोट भरूनही थांबता येईना. ही आधी खादाड मुलं नव्हती हो, उपाशी ठेवल्यामुळे तशी झाली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कार्ब्सची तल्लफ येते म्हणून कार्ब्स एकदम बंद करणं हा बहुतेकांसाठी आगीत तेल ओतण्याचाच प्रकार आहे.

तर करायचं काय. पहिला आठवडा काहीच बदलू नका, फक्त लिहा. तल्लफ आली की वेळ, शेवटचं कधी आणि काय खाल्लं होतं, आदल्या रात्री झोप किती झाली आणि नक्की काय खावंसं वाटतंय, एवढंच. कॅलरी अजिबात लिहू नका, नाहीतर तेच एक नवीन डाएट होऊन बसेल. आठवड्यानंतर वाचलंत की बऱ्याच जणांना दिसेल की तल्लफ ठरावीक वेळीच येते, आणि त्याआधी एक तर पाच-सहा तास पोटात काही नसतं, नाहीतर झोप झालेली नसते, किंवा डोक्याला ताण असतो. झोपेचं हलक्यात घेऊ नका, कमी झोपेत भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन कमी होतं असं प्रयोगात दिसलेलं आहे, त्यामुळे रात्री एकपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी मनावर ताबा ठेवायचा म्हणजे स्वतःवरच अन्याय.

भुकेतून येणाऱ्या तल्लफेला उपाय म्हणजे खाणं. वेळेवर, तीन-चार तासांच्या अंतराने, आणि पोटभर. सकाळी नुसता चहा-कॉफी, दुपारी नुसतं सॅलड आणि संध्याकाळी फ्रीजसमोर, हा दिवस कितीतरी जणांचा असतो. प्रत्येक जेवणात भात, ब्रेड किंवा बटाटा असं काहीतरी असू द्या, पण एकटं नको, सोबत अंडी, दही, मासे, कडधान्य यातलं काहीतरी प्रोटीन आणि भरपूर भाजी हवी, आणि जमलं तर भाजी-प्रोटीन आधी आणि कार्ब्स नंतर खा, म्हणजे रक्तातली साखर एकदम चढत नाही. २०२१ मध्ये हजारावर लोकांच्या अभ्यासात दिसलं की खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर जास्त खाली जाते त्यांना लवकर भूक लागते आणि ते पुढे जास्त खातात. म्हणजे अकराला जे बिस्किट हवंसं वाटतं त्याचं कारण आठच्या नाश्त्यात असू शकतं. डायबेटिस असेल आणि इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कार्ब्स कमी-जास्त करण्याआधी डॉक्टरांशी बोला, आणि हात थरथरणं, घाम, धडधड यांच्यासोबत खावंसं वाटत असेल तर ती तल्लफ समजून दाबू नका, ताबडतोब शुगर तपासा.

आता ठरावीक पदार्थांबद्दल. उकडलेला बटाटा कोणी भान हरपून खात नाही, त्याच बटाट्याचे चिप्स झाले की खातो, म्हणजे गडबड नुसत्या कार्ब्सची नाही. फॅट आणि कार्ब्स एकत्र आले की मेंदूतल्या बक्षिसाच्या भागाचा, म्हणजे 'छान वाटलं, अजून हवं' असं वाटायला लावणाऱ्या भागाचा, प्रतिसाद दोन्ही वेगवेगळे असतानापेक्षा खूप जास्त असतो, हे २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेत २०१९ मध्ये केव्हिन हॉल या संशोधकांनी २० जणांना दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड (कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं, पाकिटबंद) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून, तर अल्ट्रा-प्रोसेस्डच्या वेळी ते रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होते. म्हणून सगळ्या कार्ब्सवर राग काढू नका. जो एखाददुसरा पदार्थ समोर आला की थांबताच येत नाही तेवढा काही दिवस घरात भरून ठेवू नका, खायचा असेल तेव्हा छोटं पाकीट आणा, ताटलीत काढा, बसून खा. पण ही यादी दोनाची दहा व्हायला लागली तर सावध व्हा, ते पुन्हा तेच डाएट आहे, वेगळ्या नावाने.

आणि पोट भरलेलं आहे, झोपही झालीय, तरी तल्लफ आलीच तर? तेव्हा तिच्याशी भांडू नका, ती वाढते आणि आपोआप ओसरतेही, पंधरा-वीस मिनिटं द्या. पंधरा मिनिटं भरभर चालल्याने चॉकलेटची ओढ कमी झाल्याचं प्रयोगात दिसलंय. नुसतं बसून विचार टाळायचा म्हटलं तर नाही जमत, कारण तल्लफ बऱ्याचदा डोळ्यासमोरच्या चित्रावर चालते, तो पदार्थ, त्याचा वास, तो पहिला घास, म्हणून डोळ्यांना गुंतवेल असं काम घ्या, कोडं, चित्र काढणं, टेट्रिससारखा गेमसुद्धा चालेल. त्यानंतरही हवंच असेल तर खा. टेबलावर बसून, फोन बाजूला ठेवून, सावकाश.

हे सगळं करूनही कमी वेळात खूप जास्त खाल्लं जात असेल, थांबणं आपल्या हातात नाही असं वाटत असेल, आणि हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. हे बिंज ईटिंग असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, सीबीटी नावाच्या, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं किंवा दिवसदिवस उपाशी राहणं असं काही होत असेल तर अजिबात थांबू नका, लगेच जा. डॉक्टरांना वजनाबद्दल नाही, या गोष्टीबद्दल सांगा, सरळ म्हणा की मला खाताना थांबता येत नाही, आठवड्यातून इतक्या वेळा होतं, नंतर खूप अपराधी वाटतं. त्यांनी फक्त डाएटचा कागद हातात दिला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे किंवा ईटिंग डिसऑर्डर हाताळणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एवढं तरी नक्की करा, रात्री जास्त खाल्लं गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका. मन नसलं तरी नाश्ता नेहमीच्या वेळेला, थोडा का होईना, आणि दुपारचं जेवण पूर्ण.